धुतलेला पडदा

यंत्र बोलायचे थांबले आणि त्यानंतर कुणीच बोलेना.

तपासणीची खोली माणसांनी भरलेली होती. काही बाकांवर दाटीने बसलेली, काही दाराच्या चौकटीला टेकलेली, काही खिडकीबाहेरून माना वाकवून आत पाहणारी. छताचा पंखा फिरताना कुरकुरतो हे त्या दुपारी मला पहिल्यांदाच ऐकू आले. अर्धवट सारलेल्या काळ्या पडद्याशी, यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवून, डॉ. त्र्यंबक धर्माळे तसेच बसून राहिले होते. त्यांची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती. पाठीवरून माणसाचे काहीच कळत नाही.

खोलीभर पसरून नुकताच विरलेला तो आवाज माझा होता. मी मात्र ओठही हलवले नव्हते.

"तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आहेत," त्या आवाजाने सांगितले होते. "घाबरू नका, पण उशीरही करू नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

साऱ्या मोर्शीत 'मोठे डॉक्टर' म्हणजे एकच माणूस होता, आणि तो यंत्रासमोर बसला होता.

त्या शांततेपाशी आम्ही कसे येऊन पोचलो, ते आधी सांगायला हवे.

नागपूरहून मराठीची एम. ए. होऊन मी गावी परतले होते. नव्या कवितेच्या नादात काही वर्षे गेली होती, आणि त्या नादाला गावात कुठेच गिऱ्हाईक नव्हते. त्याच सुमारास पुण्याच्या एका संस्थेने धर्माळे डॉक्टरांच्या दवाखान्यात एक यंत्र बसवले. ते डोळ्याच्या आत प्रकाश टाकून मागच्या बाजूचा फोटो काढी आणि साखरेच्या आजाराने डोळा बिघडू लागला आहे की नाही, हे स्वतःच ठरवून सांगे. आता अशी यंत्रे खेडोपाडी झाली; तेव्हा ते नवल होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्याने मराठीत बोलावे, अशी संस्थेची इच्छा होती. त्याची वाक्ये लिहायला आणि त्याला आवाज द्यायला कुणीतरी हवे होते. डॉक्टरकाकांनी माझे नाव सुचवले; पुढे यंत्र चालवायचे कामही माझ्याकडेच आले.

पहिला मसुदा मी त्यांना वाचून दाखवला तो दिवस अजून आठवतो. 'आपल्या दृष्टिपटलावर' एवढे ऐकताच त्यांनी हात वर केला.

"रेवती, दृष्टिपटल म्हटलंस तर आपले लोक विचारतील, कोणत्या टॉकीजला लागलंय."

"मग काय म्हणू, काका?"

"पडदा म्हण. डोळ्याचा पडदा. मी जन्मभर तेच म्हणत आलोय, अजून कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या कवितेत तरी साध्या शब्दाला बंदी आहे का?"

"बंदी नाही. पण साधा शब्द सापडायला फार वेळ लागतो."

"मग हा आयता घे," ते म्हणाले. 'मोठ्या डॉक्टरांना दाखवा' हे वाक्य मात्र पुण्याहून आले होते. ते तसेच ठेवले.

मोतीबिंदू काढणारा त्यांच्यासारखा हात आमच्या भागात दुसरा नव्हता. पट्टी सोडताना ते रोग्यासमोर उभे राहून विचारीत, "कोण दिसतंय?" म्हातारी माणसे हात जोडून म्हणत, "देव दिसते जी." त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "मग अजून नीट दिसत नाही. देवाला टक्कल नसतं." वॉर्डभर हशा पिके. त्या हशातच, रडू आवरता न आलेली माणसे डोळे पुसून घेत. लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास हा मला तेव्हा झाडासारखा वाटे: कुणी लावला, कधी वाढला हे कुणालाच न आठवणारा, आणि सावलीत बसताना ज्याच्याकडे मान वर करून पाहायचीही गरज न पडणारा.

यंत्र आले आणि त्या झाडाची पाने हलली. ती हलवणारी बाई होती गिर्जाबाई मोतीकर.

गिर्जाबाई जातीची वरठी, म्हणजे परीट, आणि दवाखान्याचे सारे कापड तिच्या हातचे. चादरी, हिरवे आच्छादन, रोग्यांचे झगे, खिडक्यांचे पडदे. तिच्या धुण्याला नाव ठेवण्याची कुणाची छाती नव्हती. एकदा एका नव्या नर्सने चादर नीट धुतली नाही म्हटले, तर तिने ती चादर अंगणात उन्हात पसरून साऱ्या वॉर्डला बोलावले होते. अलीकडे तिला साखर निघाली होती. म्हणून डॉक्टरांनी तिला यंत्रापुढे बसायला सांगितले आणि ते शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले.

ती बसली. प्रकाश चमकला. माझा आवाज म्हणाला, "तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आहेत."

गिर्जाबाई ताडकन उठली. यंत्राला अंधार मिळावा म्हणून आम्ही सभोवार काळा पडदा लावला होता. त्याच्याशी नाक नेऊन तिने तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"कुठी हायेत डाग? दाखव मले."

"गिर्जामावशी, तो पडदा नाही..."

"हाच नाई तं कोन्ता? दुसरा पडदाच कुठी हाय इथी?" ती आकड्यांवरून पडदा काढूही लागली होती. "तुयाच आवाज व्हता, पोरी. मले वळखू येते. मनात व्हतं तं कानात सांगाचं. मशीनच्या तोंडून, चारचौघात, माया धुन्याले नाव ठेवतं?"

पडदा काखोटीला मारून ती गेली. मी मागे धावले, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. दुसऱ्या सकाळी तोच पडदा स्वच्छ धुऊन, निळीतून काढून, घडीवर घडी करून तिने यंत्रापुढे ठेवला आणि त्याला दम भरला, "आता म्हन डाग!"

डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते हसून हसून खुर्चीत मागे कलले. मग डोळे पुसून त्यांनी तिला जवळ बसवले, डोळ्याच्या आत पाहायची बॅटरी घेतली आणि तिच्या डोळ्यात पाहिले. त्यांचे हसू ओसरत गेले.

"गिर्जाबाई, पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला. साखरेनं तिथं रक्त झिरपतंय. अमरावतीला जाऊन लेझर करून घ्यावं लागेल. थांबलात तर नजर जाईल."

"मले सुईत दोरा ओवता येते जी."

"येईल. आणि एक दिवस अचानक येणार नाही."

तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. मग जे ती म्हणाली, ते त्या दवाखान्यात त्यांना आजवर कुणी म्हटले नव्हते.

"आधी तुमी डोळ्यात बत्ती घालून सांगत व्हते, अन् आमी आइकत व्हतो. आता मशीन सांगते अन् तुमी तिची री वढता. तिनं डाग म्हटलं म्हनून तुमालेही डाग दिसून राह्यले."

"मी स्वतः पाहिलं, गिर्जाबाई."

"पाह्यलं. पन तिच्या मांगून पाह्यलं."

ती अमरावतीला जायला तयार झाली नाही. तिने हे घाटावर सांगितले, बाजारात सांगितले, आणि गावाला ते पटले. मशीन धुतलेल्या कपड्याला मळका म्हणते; डॉक्टर आता मशीनचे ऐकतात. यंत्रापुढची रांग आटली. माणसे दाराशी येत, पडद्याकडे पाहत, आणि "मोठे डाक्टर मोकळे असन तवा येतो" म्हणून परत फिरत. त्यांतल्या काहींचे डोळे आत कुठेतरी विझत असणार, हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यांच्यापुढे प्रश्न यंत्राच्या अब्रूचा नव्हता. गिर्जाबाईच्या डोळ्यांचा होता, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या साऱ्यांचा.

म्हणून बाजाराच्या दिवशी, दवाखाना भरलेला असताना, त्यांनी गिर्जाबाईलाही मुद्दाम बोलावून घेतले. "चला, सगळे आत या," ते म्हणाले. "हे यंत्र माणूस खात नाही आणि खोटंही बोलत नाही. आधी माझा फोटो काढा. मग तुमचं तुम्ही ठरवा." सगळ्यांना दिसावे म्हणून पडदा अर्धा उघडाच ठेवला. खोबणीत हनुवटी टेकवताना ते मला म्हणाले, "आवाज मोठा ठेव, कवयित्रीबाई. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मागच्यांना ऐकू गेले.

ती शांतता गिर्जाबाईनेच फोडली.

"अव माय!" ती बाकावरून उठत म्हणाली. "पडदा तं म्या आत्ताच धुवून देल्ला! निळीतून काढला! आता कुठून आले डाग?"

आधी एक बाई हसली. मग दोघे. मग कोंडलेला श्वास सोडावा तशी सारी खोली हसू लागली. मागून कुणीतरी म्हणाले, "डाक्टरसाहेब, मशीनचाच डोळा तपासा!" आणि हसणे आणखी उंच गेले. त्या हसण्यात प्रेम होते. आपल्या माणसाला लागलेले बोट सगळ्यांनी मिळून झटकून टाकावे, तसे ते होते. मी डॉक्टरांच्या पाठीकडे पाहत होते. त्या हशाने त्यांच्यासाठी एक दार उघडले होते. त्यांनी फक्त वळून स्वतःही हसायचे होते. यंत्र पुण्याला परत गेले असते, आणि उद्याच्या शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाल्या असत्या.

ते उठले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्या शेजारी येऊन यंत्राच्या काचेवर उमटलेल्या फोटोकडे पाहू लागले. आमच्या भागातल्या पिकल्या संत्र्यासारखा तो नारिंगी गोल. त्यातून पानांच्या शिरांसारख्या रक्तवाहिन्या गेलेल्या. आणि त्यांच्या काठाकाठाने लाल ठिपके, पिवळे शिंतोडे. असे कितीतरी गोल त्यांनी मला दाखवून वाचायला शिकवले होते. फोटोला स्पर्श न करता त्यांचे बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेले.

"इथं," ते हळू म्हणाले. "आणि इथं. इथं नवी शीर फुटतेय, बघ." शिकवतानाचाच तो स्वर होता.

मग ते लोकांकडे वळले.

"यंत्र बरोबर आहे."

हसणे मध्येच तुटले.

"मला साखर आहे," ते म्हणाले. "चहा बिनसाखरेचा पितो ते आवडतो म्हणून नाही. तुम्हा सगळ्यांना दर वर्षी डोळे दाखवा म्हणून सांगतो, आणि माझे मी कुणाला दाखवले नाहीत."

"पन तुमाले तं सारं दिसते!" गिर्जाबाई जवळजवळ ओरडलीच. "डोळ्याचं आपरेशन करता तुमी!"

"तुम्हालाही सुईत दोरा ओवता येतो, गिर्जाबाई."

ती मान वाकवून फोटोकडे पाहू लागली.

"तुमचा फोटो या माझ्या फोटोशेजारी लावू का? चालेल?"

तिने मान हलवली. मी लावला. दोन नारिंगी गोल शेजारी शेजारी उजळले. डॉक्टरांनी तिला हाताला धरून पुढे आणले.

"यातला तुमचा कोणता, सांगा."

गिर्जाबाई वाकली. जन्मभर कापडावरचे डाग पारखलेली ती नजर एका गोलावरून दुसऱ्यावर गेली, परत आली.

"नाई सांगता येत जी."

"यंत्रालाही येत नाही. चादर कुणाची, हे त्याला कळत नाही. त्याला तेवढा डाग कळतो. तुमच्या घाटावर काय होतं?"

तिने पुन्हा दोन्ही गोलांकडे पाहिले. मग म्हणाली, "घाटावर पाटलाचा डाग अन् मजुराचा डाग एकच असते."

"रक्ताचा डाग असला तर?"

"ओला असन तं थंड्या पान्यात निंघते. वाळला का मंग राह्यते, बाप्पा. मंग कापड फाटते, पन डाग नाई जात."

"हे दोन्ही अजून ओले आहेत. पुसले जातील असं मी म्हणत नाही; खोटं कशाला सांगू? पण पसरायचे थांबतील. तुमचाही आणि माझाही."

मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. दुसऱ्या दिवशी त्याचा मोतीबिंदू काढायचा होता. "मंग माया डोळ्याचं कसं, डाक्टरसाहेब?"

"अमरावतीहून चांगला माणूस बोलावतो, आजोबा. मी तुमच्या उशाशी उभा राहीन."

"आमाले तुमचाच हात पाह्यजे."

"माझ्या डोळ्यात कुणी शहाण्यानं पाहिल्याशिवाय तुमच्या डोळ्यात मी सुरी घालणार नाही. हा हात तुमच्याच विश्वासावर चालत आलाय. त्याला आता तुमच्यावर आंधळेपणानं चालवू का?"

म्हातारा बाकांमधून वाट काढत पुढे आला. मग कुणालाच न सांगता यंत्रापुढे जाऊन बसला आणि हनुवटी खोबणीत टेकवली. "घे माय, काढ फोटो," तो मला म्हणाला. त्याच्या मागे आणखी एक बाई उभी राहिली. बघता बघता रांग व्हरांड्यात गेली. ती रांग यंत्रासाठी होती की त्यांच्यासाठी, हे मी त्या दुपारी ठरवू पाहत होते. आता वाटते, ते दोन प्रश्न त्या माणसाने आमच्या देखत एकच करून टाकले होते.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्यासाठी चहा आणला, बिनसाखरेचा. तो पाहून ते कसनुसे हसले.

"काका, आवाज मोठा ठेवायला नको होता."

"मीच सांगितलं होतं ना?" त्यांनी कप हातात धरून ठेवला. "गंमत बघ. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यात पाहत आलो, आणि स्वतःच्या डोळ्यात पाहायची सोय कुणी ठेवलीच नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी आत पाहिलं."

"ते कुणीतरी माणूस नव्हतं."

"माणसांना मी पाहूच दिलं नाही. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मोठे डॉक्टर, यांना काय होणार! ते यंत्र तेवढं माझं तोंड ओळखत नव्हतं." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "त्या वाक्यात एक शब्द घाल. 'डोळ्याच्या आतल्या पडद्यावर.' आतल्या. तुमच्या कवितेत एका शब्दानं फरक पडतो म्हणतात."

"पडतो."

"इथंही पडेल. नाहीतर गिर्जाबाई एक दिवस माझा डोळाच निळीत घालायची."

आणि ते हसले. त्यांच्या त्या वॉर्डातल्या हसण्यासारखेच, पण जरा कमी काळ.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे अमरावतीला गेलो. गिर्जाबाईने इस्त्रीचे लुगडे नेसले होते आणि फराळाचा डबा घेतला होता. "डाक्टराच्या दारात किती वेळ बसा लागते, मले मालूम हाय," असे ती डॉक्टरांनाच ऐकवत होती. दोघांच्याही डोळ्यांत औषध घालून त्यांना एका लांब बाकावर बसवले. बाहुल्या मोठ्या झाल्या, उजेड बोचू लागला. दोघेही हाताची सावली करून, एकाच बाकावर, एकाच पद्धतीने मान खाली घालून बसले होते. येणारे-जाणारे त्यांच्या अंगावरून जात होते. त्या दवाखान्यात कुणी त्यांना ओळखत नव्हते.

समोरच्या दारावर काळा पडदा होता. गिर्जाबाईचे नाव आधी पुकारले गेले. ती आत गेली, आणि बऱ्याच वेळाने भिंतीला हात लावत बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी उठून तिला धरले.

"दुखलं का, मावशी?"

"नाई व. आभाळात इजा चमकल्यासारखं व्हते, आधी हिरवं मंग निस्ता अंधार." ती डॉक्टरांशेजारी टेकली आणि त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "आतला मोठा डाक्टर लेकरू हाय जी. मिसरूडही धड नाई फुटलं. पन हात हलका हाय. तुमच्यासारखा."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. हजारोंना उजेड दिलेले ते हात इतके स्वस्थ मी कधी पाहिले नव्हते. आतून आवाज आला, "धर्माळे, त्र्यंबक." आधी 'डॉक्टर' नव्हते, मागे 'साहेब' नव्हते.

ते उठले. गिर्जाबाईला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तिच्यासाठी सारे जग त्या वेळी धुके होते. तिने हात पुढे करून अंदाजाने त्यांची बाही पकडली.

"मोठे डाक्टर," ती म्हणाली, "भेव लागून राह्यलं का?"

त्यांनी तिच्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला, बाही सोडवून घेतली, आणि चाचपडत काळ्या पडद्याची कड शोधून आत गेले.